द्रावण तेच, थर वेगळा : सेंद्रिय सौर घटांच्या लेपनाचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. १६०८ साली रामनवमीला येथील ठोसर घराण्यात नारायण नावाचा मुलगा जन्मला. पुढे महाराष्ट्राने त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखले. वडिलांचे नाव सूर्याजीपंत. ते निष्ठावंत सूर्योपासक होते असे परंपरा सांगते. ज्या मुलुखात पाऊस हुलकावणी देतो पण ऊन कधी चुकत नाही, तेथे सूर्याची उपासना रुजावी यात नवल नाही.

त्याच मराठवाड्यात आज शेताच्या बांधावर सौर पंपांची निळसर काळी तावदाने दिसतात. ती सिलिकॉनची. सिलिकॉन वितळवून, त्याची कांडी घडवून, तिच्या चकत्या कापून ती तयार होतात. परंतु सूर्यप्रकाशापासून वीज मिळवण्याचे दुसरे एक स्वप्न गेली चाळीस वर्षे पाहिले जात आहे : वीज देणारा पदार्थ शाईसारखा विरघळवावा आणि रंग द्यावा तसा प्लास्टिकच्या पट्टीवर फासावा. या धाग्यात त्या स्वप्नाचा इतिहास आहे. त्यातील खरा पेच पदार्थ कोणता हा नव्हताच. तो फासायचा कसा, हा होता.

हा पेच घरातल्या माणसाला नवा नाही. शेणामातीचा काला तोच, अंगणही तेच. पण सारवणाऱ्या हाताने पाणी किती घातले, हात किती वेगाने फिरवला आणि वर ऊन कसे होते, यावर सारवण गुळगुळीत बसेल की त्याला भेगा पडतील हे ठरते. थर वाळतो म्हणजे केवळ पाणी उडून जाते असे नव्हे. वाळताना थराची आतली रचना घडत असते. सौर घटांच्या प्रयोगशाळांना हे सत्य पूर्णपणे उमगायला एकविसावे शतक उजाडले.

आरंभ जुना आहे. १८३९ मध्ये एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश टाकून विद्युतप्रवाह मिळवला. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट दाखवला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. याच १९५४ साली कोडॅक कंपनीतील अल्बर्ट बेगँ यांच्या नावे एक पेटंट निघाले : सरकत्या पट्टीवर अरुंद फटीतून द्रव सोडून एकसारखा पातळ थर कसा द्यावा याचे. हेतू फोटोग्राफीच्या फिल्मचा होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध लागेल असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसावे.

कोडॅकचे नाव पुन्हा येते ते १९८६ मध्ये. तेथील संशोधक चिंग टँग यांनी दोन सेंद्रिय रंगद्रव्यांचे थर एकमेकांवर बसवून घट केला. एक थर कॉपर थॅलोसायनिनचा. निळ्या शाईत आणि रंगात वापरले जाते तेच हे द्रव्य. दुसरा पेरिलीन वर्गातील रंगद्रव्याचा. कार्यक्षमता जेमतेम १ टक्का भरली. परंतु सेंद्रिय पदार्थांसाठी तोवर ती मोठी उडी होती. टँग यांनी हे थर द्रवातून दिले नव्हते. निर्वात पात्रात रंगद्रव्य तापवून त्याची वाफ काचेवर बसवली होती. थरांची जाडी काही दशके नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या थराच्या पातळपणाची कल्पना येईल.

थर इतके पातळ का ठेवावे लागले? सेंद्रिय पदार्थावर प्रकाश पडला की सुटा इलेक्ट्रॉन मिळत नाही. इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची एक बांधलेली जोडी तयार होते. तिला एक्सायटॉन म्हणतात. ही जोडी अल्पायुषी असते. साधारण १० नॅनोमीटर अंतर चालून गेली की विझते. तेवढ्या अंतरात तिला दुसऱ्या पदार्थाची सीमा भेटली तरच ती फुटते आणि वीज मिळते. उलट प्रकाश पुरेसा शोषायचा तर थर १०० नॅनोमीटरच्या आसपास तरी हवा. प्रकाशाला जाड थर हवा, एक्सायटॉनला पातळ. दोन थर एकमेकांवर ठेवून ही ओढाताण सुटणारी नव्हती.

तोडगा १९९० च्या दशकात निघाला : दोन पदार्थ शेजारी ठेवू नयेत, एकमेकांत मिसळावेत. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे सारिचिफ्त्ची, हीगर, वूडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की प्रकाश पडताच बहुवारिकातून कार्बनच्या चेंडूसारख्या फुलरीन रेणूकडे इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने उडी घेतो. १९९५ मध्ये यू, गाओ, हुमेलेन, वूडल आणि हीगर यांनी दोन्हींचे एकत्र द्रावण करून मिश्र थराचा घट प्रसिद्ध केला. त्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने दोन बहुवारिकांच्या मिश्रणाचा घट मांडला. विद्युतवाहक बहुवारिकांच्या शोधासाठी हीगर यांना मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांच्यासह २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मिश्रणाची कल्पना देखणी होती, पण तिने एक नवीच जबाबदारी अंगावर घेतली. दोन पदार्थ अगदी एकजीव झाले तर इलेक्ट्रॉनला बाहेर जायला वाट उरत नाही. फार विलग झाले तर गुठळ्या होतात आणि एक्सायटॉन सीमेपर्यंत पोचण्याआधीच विझतो. हवे असते ते जाळे : दोन्ही पदार्थांचे १० ते २० नॅनोमीटरचे धागे एकमेकांत गुंतलेले आणि तरीही दोन्ही टोकांच्या विद्युतअग्रांपर्यंत अखंड पोचणारे. असे जाळे कुणी हाताने विणू शकत नाही. द्रावण वाळत असताना ते आपोआप विणले जावे लागते, आणि वाळण्याचा अवधी काही सेकंदांचा असतो.

द्रावण फासण्यासाठी प्रयोगशाळांनी जे साधन उचलले त्याचे नाव स्पिन कोटिंग. काचेवर चार थेंब टाकायचे आणि काच मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांनी गरगर फिरवायची. द्रव कडेकडे पसरतो, जास्तीचा उडून जातो, उरलेला पातळ होत होत वाळतो. ही युक्ती इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्यांची. तिचे गणित एम्स्ली, बॉनर आणि पेक यांनी १९५८ मध्ये मांडले होते. द्रावकाच्या बाष्पीभवनाचा हिशेब मेयरहोफर यांनी १९७८ मध्ये त्यात जोडला. फेऱ्यांचा वेग चौपट केला की जाडी साधारण निम्मी होते, इतके ते नेमके आहे. यंत्र टेबलावर मावते, विद्यार्थ्याला एका दिवसात शिकता येते आणि दर वेळी तोच थर मिळतो. प्रयोगशाळांनी ते डोक्यावर घेतले यात आश्चर्य नाही. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळही त्यातच आहे.

२००१ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथून शहीन, ब्राबेक, सारिचिफ्त्ची आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. या साऱ्या इतिहासात एकच लेख वाचायचा झाला तर तो हा. त्यांनी बहुवारिक बदलले नाही, फुलरीन बदलले नाही, यंत्र बदलले नाही. फक्त टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझीनमध्ये द्रावण केले. कार्यक्षमता सुमारे ०.९ टक्क्यावरून २.५ टक्क्यांवर गेली. सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसले. टोल्युइनमध्ये फुलरीन नीट विरघळत नसे, त्यामुळे वाळताना त्याच्या काहीशे नॅनोमीटरच्या गुठळ्या होत. क्लोरोबेंझीनमधून मिळालेला थर नितळ होता. रेणू तेच, प्रमाण तेच. वाळण्याची वाट बदलली आणि वीज जवळजवळ तिप्पट झाली.

त्यानंतर साऱ्यांचे लक्ष वाळण्याकडे वळले. २००३ मध्ये लिंझमध्येच पाडिंगर यांच्या गटाने थर वाळल्यावर पुन्हा तापवून ३.५ टक्क्यांपर्यंत मजल मारली. २००५ मध्ये लॉस एंजेलिसला गँग ली आणि यांग यांग यांनी उलट धीर धरला : ओला थर झाकणाच्या काचपात्रात ठेवून सावकाश वाळू दिला, म्हणजे बहुवारिकाच्या साखळ्यांना शिस्तीत रांगा धरायला वेळ मिळाला. ४.४ टक्के. २००७ मध्ये हीगर यांच्या प्रयोगशाळेतील पीट आणि सहकाऱ्यांनी द्रावणात किंचित उशिरा उडणारे एक रसायन टाकले. मुख्य द्रावक निघून गेल्यावरही ते थरात रेंगाळत राही, आणि फुलरीनला जागा शोधायला चार क्षण जास्त मिळत. त्या विशिष्ट बहुवारिकाची कार्यक्षमता २.८ वरून ५.५ टक्के झाली. थेंबभर रसायनाने दुप्पट! स्वयंपाकात मिठाचे जे स्थान, ते या क्षेत्रात अशा मिसळणांना मिळाले.

महाराष्ट्रात या सुमारास काय चालले होते, हे पाहायला कोल्हापूरला जावे लागते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांच्या अभ्यासाची एक भक्कम परंपरा उभी राहिली. निर्वात यंत्रे महाग आणि त्यांची देखभाल त्याहून महाग. कोल्हापूरच्या संशोधकांनी ज्या पद्धतींवर प्रभुत्व मिळवले त्या मात्र काचपात्र, तापती पट्टी आणि क्षारांची द्रावणे एवढ्यावर चालणाऱ्या होत्या.

त्यातली एक रासायनिक स्नानाची. द्रावणात काच उभी बुडवून ठेवायची आणि रासायनिक क्रिया इतकी मंद ठेवायची की पदार्थ तळाशी गाळ होऊन न बसता काचेवर थर होऊन वाढेल. दुसरी आलटूनपालटून बुडवण्याची : आधी धन आयनांच्या द्रावणात, मग पाण्यात खळबळून, मग ऋण आयनांच्या द्रावणात, पुन्हा पाण्यात. प्रत्येक फेरीगणिक थर अगदी थोडा वाढतो. ही पद्धत फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली. तिसरी फवाऱ्याची : तापलेल्या काचेवर द्रावणाचे तुषार सोडायचे, ते पडताक्षणी विघटित होऊन थर बसतो. ही चेंबरलिन आणि स्कारमन यांनी १९६६ मध्ये वापरात आणली.

या तिन्ही पद्धतींवर जगभरचे संशोधक जे आढावा-लेख उघडतात, त्यांतले काही कोल्हापूरचे आहेत. रासायनिक निक्षेपणावर सी. डी. लोखंडे यांचा १९९१ चा आणि आर. एस. माने व लोखंडे यांचा २००० चा. फवारा पद्धतीवर पी. एस. पाटील यांचा १९९९ चा. आलटूनपालटून बुडवण्याच्या पद्धतीवर एच. एम. पठाण व लोखंडे यांचा २००४ चा. शेवटचा तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. मराठी वाचकाला लिंझ आणि सांता बार्बरा ही नावे अशा लेखांतून परिचित होतात, कोल्हापूर मात्र होत नाही. ही उणीव खटकणारी आहे.

हे थर असेंद्रिय होते : सल्फाइडे, सेलेनाइडे, ऑक्साइडे. सेंद्रिय घटाशी त्यांची गल्लत करू नये. कोल्हापूरच्या काचपात्रात थर पृष्ठभागावर रासायनिक क्रियेने वाढतो. लिंझच्या फिरत्या काचेवर आधीच तयार असलेले दोन पदार्थ द्रावक उडताना एकमेकांपासून विलग होतात. पण मूळ धडा सामाईक आहे. स्नानाचे तापमान, द्रावणाची आम्लता, बुडवण्याचा काळ यांत थोडा फरक पडला की एकाच रसायनातून कधी सलग काचेसारखा थर मिळतो, कधी सुयांचे रान, कधी सच्छिद्र भुसा. नातेही अगदीच लांबचे नाही. अनेक सेंद्रिय घटांत सक्रिय थराखाली इलेक्ट्रॉन गोळा करणारा झिंक ऑक्साइडचा थर असतो, आणि तो द्रावणातून बसवण्याची विद्या याच घराण्यातली. मुंबईत २०१० पासून आयआयटीमध्ये राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र चालते. त्याच संस्थेत दिनेश काब्रा यांच्या गटाने सेंद्रिय आणि पेरोव्हस्काइट घटांवर काम केले आहे.

आता पुन्हा त्या फिरत्या काचेकडे. स्पिन कोटिंगचा मोठा दोष असा की टाकलेल्या द्रावणाचा बहुतांश भाग उडून वाया जातो, आणि काच लहान असेल तोवरच हे जमते. शंभर मीटर लांबीची पट्टी कुणी गरगर फिरवू शकत नाही. कारखान्यात सरकत्या पट्टीवर थर द्यायचा तर दोन मार्ग उरतात. एक पात्याचा : द्रवाचा ओघळ समोर ठेवायचा आणि ठरावीक उंचीवर धरलेले पाते त्यावरून ओढायचे. कापडछपाईत जादा रंग खरवडणारे पाते आणि १९४० च्या दशकात ग्लेन हॉवॅट यांनी चिनी मातीच्या पातळ पत्र्यांसाठी वापरलेले पाते, ही त्याची पूर्वपिढी. दुसरा मार्ग स्लॉट-डायचा, म्हणजे फटीतून द्रव सोडण्याचा. १९५४ चे कोडॅकचे पेटंट येथे पुन्हा भेटते. यात द्रव जवळजवळ वाया जात नाही आणि जाडी पंपाच्या गतीवर ठरते.

अडचण अशी की पद्धत बदलली की थर बदलतो. फिरत्या काचेवर वाऱ्याच्या झोताने द्रावक काही सेकंदांत निघून जातो. पात्याखालून आलेला ओला थर तसाच ठेवला तर सावकाश वाळतो. दोन पदार्थांना विलग व्हायला भरपूर वेळ मिळतो आणि गुठळ्या मोठ्या होतात. कडांना वेगळीच समस्या. जमिनीवर सांडलेल्या चहाचा डाग वाळल्यावर कडेला गडद आणि मध्ये फिका का दिसतो? कडेचे पाणी आधी उडते, ते भरून काढायला मधला द्रव आपल्यासोबत कण घेऊन कडेकडे धावतो. डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कॉफीच्या डागावरून हे समजावून सांगितले. सौर घटाच्या पट्टीवर हाच डाग म्हणजे एका कडेला जाड थर आणि दुसरीकडे छिद्रे.

थोडक्यात, वीस वर्षे ज्या पाककृती घासूनपुसून नेमक्या केल्या, त्या एका अशा भांड्यासाठी होत्या जे प्रयोगशाळेबाहेर नेता येत नव्हते. द्रावक, मिसळण, तापमान सारे पुन्हा शोधणे आले. डेन्मार्कमधील रिसो येथे फ्रेडरिक क्रेब्स यांनी हे स्पष्टपणे बोलून दाखवले. २००९ मध्ये त्यांनी छपाईच्या आणि लेपनाच्या यच्चयावत पद्धतींचा आढावा घेतला. त्यांच्या गटाने गुंडाळीवरून गुंडाळीवर जाणाऱ्या लवचिक पट्टीवर घट छापून दाखवले. कार्यक्षमता प्रयोगशाळेतील विक्रमांपेक्षा पुष्कळ कमी होती, आणि त्यांनी ती लपवली नाही.

अमेरिकेत याच वाटेवर एक शोकांतिका घडली. हीगर ज्यांच्या संस्थापकांपैकी एक होते ती कोनार्का कंपनी २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली. २००८ मध्ये तिने न्यू बेडफर्ड येथे पोलरॉइडच्या जुन्या कारखान्यात उत्पादन थाटले. विचार सरळ होता : फोटोग्राफीच्या फिल्मवर थर देणारी यंत्रे आणि माणसे तेथे होती, फिल्मचा धंदा बसला होता, तीच यंत्रे आता सौर पट्टी छापतील. पण पट्टीची कार्यक्षमता तुटपुंजी आणि आयुष्य मर्यादित राहिले. त्याच काळात सिलिकॉनचे भाव कोसळले. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली.

विज्ञान मात्र थांबले नाही. थर देणे आणि रेणूंना दिशा देणे ही एकच क्रिया करता येईल, हे २०१३ मध्ये स्टॅनफर्डमधील झेनान बाओ यांच्या गटाने दाखवले. त्यांनी पात्याच्या तळाशी सूक्ष्म खांब कोरले. पाते सरकताना द्रव त्या खांबांमधून वळसे घेत वाहतो आणि स्फटिक एका रांगेत वाढतात. तो प्रयोग ट्रान्झिस्टरच्या थरांसाठी होता, पण लेपनाचे अवजार हे नुसते फासणारे साधन उरत नाही, याची खूण त्यातून पटली.

२०१५ नंतर फुलरीनचे राज्य ओसरले. चीनमध्ये झान श्याओवेई यांच्या गटाचा आयटीआयसी हा रेणू आणि २०१९ मध्ये झोऊ यिंगपिंग यांच्या गटाचा वाय-६ आला. वाय-६ ने कार्यक्षमता १५.७ टक्क्यांवर नेली. पुढे त्याच्या वंशजांनी १९ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. पण मेख तीच. असे कित्येक विक्रम क्लोरोफॉर्ममध्ये केलेल्या द्रावणाचे आहेत. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते. छोट्या काचेवर ते झटकन उडून जाळे योग्य क्षणी गोठवते, पण रुंद पट्टीवर थर समतल होण्याआधीच वाळू लागते. शिवाय ते विषारी. कारखान्यातील कामगाराच्या नाकाशी क्लोरोफॉर्म आणि क्लोरोबेंझीनची वाफ सोडून स्वच्छ ऊर्जेची भाषा करणे शोभत नाही. म्हणून ऑर्थो-झायलीनसारखे क्लोरीनमुक्त द्रावक, गरम केलेली पट्टी, वरून सोडलेला हवेचा झोत असे प्रयोग आता होतात. झायलीनही निरुपद्रवी नव्हे. तुलनेने बरे, इतकेच.

आणि मग उन्हाचा प्रश्न. काही सेकंदांत घाईने गोठवलेले जाळे कायमचे स्थिर नसते. ऊब मिळाली की रेणू हळूहळू सरकतात. जे विलगीकरण वाळताना अर्धवट थांबवले, ते पुढे सुरूच राहते. फुलरीनच्या घटांत तापवल्यावर स्फटिकांच्या गाठी वाढत जातात आणि वीज घटत जाते. मे महिन्यात जालन्याकडे दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही; उन्हातली गडद पट्टी आसपासच्या हवेहून बरीच अधिक तापते. तेव्हा थर कसा दिला हा प्रश्न पहिल्या दिवसाच्या कार्यक्षमतेपुरता राहत नाही, तो दहाव्या उन्हाळ्याचाही असतो.

इतिहासाने येथे एक गमतीदार वळण घेतले आहे. बाजारात सेंद्रिय सौर पट्ट्या आणणाऱ्यांपैकी एक नाव जर्मनीतील ड्रेस्डेनच्या हेलिआटेक या कंपनीचे, स्थापना २००६. ती द्रावण वापरतच नाही. लहान रेणू निर्वात पात्रात तापवून त्यांची वाफ सरकत्या प्लास्टिकवर बसवते. म्हणजे टँग यांनी १९८६ मध्ये केले तेच, गुंडाळीवर. द्रावक नाही, त्यामुळे त्याची वाफही नाही आणि वाळण्याची शर्यतही नाही; मात्र मोठमोठे निर्वात कक्ष सांभाळावे लागतात. शाईसारखी छापावी म्हणून ज्या पद्धतीपासून दूर जायचे होते, तिच्याकडेच एक वाट परत गेली.

दुसरी वाट अजून स्लॉट-डायच्या फटीशी उभी आहे. तिथल्या प्रयोगवह्यांत आज प्रामुख्याने नोंदले जाते ते रेणूचे सूत्र नव्हे : पट्टीचे तापमान, पंपाची गती, हवेच्या झोताचा कोन, आणि थर ओला असल्यापासून कोरडा होईपर्यंत गेलेले सेकंद.